पेढ्याच्या बॉक्समधली खेळण्याची कणीक



दवाखान्यात आलेल्या प्रश्नांची उत्तरे मी या ब्लॉगवर नेहमी लिहिते. आज मात्र माझ्या हातून झालेली एक चूक सांगणार आहे. काही वर्षे ती लिहायची टाळली. पण मागच्या महिन्यात एका आईने विचारले, "डॉक्टर, मुलाच्या वाढदिवसाला घरी केलेला प्लेडो रिटर्न गिफ्ट म्हणून देऊ का? विकतच्यापेक्षा सेफ ना?" तेव्हा वाटले, आता सांगायलाच हवे.

माझ्या मुलीचा पाचवा वाढदिवस होता. दहा मुले येणार होती. प्लास्टिकची खेळणी वाटायची नाहीत, काहीतरी स्वतःच्या हाताने करून द्यायचे, असे मी ठरवले. मैदा, मीठ, तेल आणि पाणी कढईत शिजवून मऊसूत गोळा केला. बीटाचा गुलाबी, हळदीचा पिवळा, पालकाचा हिरवा आणि एक तसाच पांढरा, असे चार रंग केले. मैद्याचा वास जावा म्हणून चिमूटभर वेलचीपूड घातली. गोळे छान गोल वळले, पेढ्यांच्या कागदी वाट्यांमध्ये ठेवले आणि मिठाईच्या दुकानातून आणलेल्या कोऱ्या बॉक्समध्ये चार-चार भरले. वरून सोनेरी रिबीन बांधली. सगळ्यांनी कौतुक केले. मीसुद्धा फोटो काढून ग्रुपवर टाकला.

रात्री सव्वानऊला फोन आला. मुलीच्या मैत्रिणीची आई बोलत होती. "ताई, तुम्ही दिलेले पेढे कधीचे होते? धाकट्याला दोन उलट्या झाल्या. सारखा पाणी पाणी करतोय."

धाकटा पावणेदोन वर्षांचा होता.

मी म्हटले, "अगं, ते पेढे नव्हते."

फोनवर क्षणभर कोणीच बोलले नाही. मग मागून आजींचा आवाज आला, "मिठाचं पाणी पाजून सगळं काढून टाकू का?" मी जवळजवळ ओरडलेच, "नाही! मीठ अजिबात देऊ नका. साधं पाणी द्या, थोडं थोडं. उरलेला बॉक्स बरोबर घ्या आणि लगेच हॉस्पिटलमध्ये निघा. मी येते."

पुढे काय झाले ते सांगतेच. आधी मी इतकी का घाबरले ते समजून घेऊ.

एका पेढ्यात किती मीठ?

घरी करायच्या प्लेडोची जगभर चालणारी कृती साधारण अशी असते: दोन कप मैदा, एक कप मीठ, थोडे तेल, दीड-दोन कप पाणी. ऐकायला मैदा दुप्पट आणि मीठ निम्मे वाटते. पण स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून बघा. दोन कप मैदा भरतो साधारण अडीचशे ग्रॅम. एक कप बारीक मीठ भरते पावणेतीनशे ते तीनशे ग्रॅम. म्हणजे वजनाने मीठ मैद्यापेक्षा जास्तच! पाणी आणि तेल धरून सगळा गोळा किलोभराच्या आसपास होतो आणि त्यातला पाव किलोहून अधिक भाग नुसते मीठ असतो.

आता पेढ्याएवढा एक गोळा घ्या, पंचवीस ग्रॅमचा. त्यात मीठ झाले सहा ते सात ग्रॅम. मोठ्या माणसाने दिवसभरात सगळे मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे माझ्या एका 'पेढ्यात' मोठ्या माणसाच्या दिवसभराच्या मर्यादेपेक्षा जास्त मीठ होते. आणि बॉक्समध्ये असे चार होते.

दहा-अकरा किलोच्या बाळाच्या पोटात पाच ते दहा ग्रॅम मीठ एकदम गेले, तर ते गंभीर ठरू शकते. आपल्या रक्तात सोडियमचे प्रमाण १३५ ते १४५ या अरुंद पट्ट्यात राहते. मीठ एकदम वाढले की रक्त पेशींमधले पाणी बाहेर ओढून घेते. लोणच्याला मीठ लावून ठेवल्यावर कैरीच्या फोडींना पाणी सुटते ना, तसेच. मेंदूच्या पेशींमधले पाणी असे ओढले गेले की आधी तहान आणि उलट्या, मग चिडचिड, मग सुस्ती, आणि प्रमाण फारच वाढले तर झटके येतात. मोठ्या माणसाला तहान लागते, तो उठून पाणी पितो आणि जादा मीठ लघवीवाटे जाते. बाळाला पाणी मागता येत नाही आणि त्याचे मूत्रपिंडही हे काम आपल्याइतक्या चपळाईने करत नाही.

मग प्रश्न येतो, इतके खारट कोणी खाईल कसे? बहुतेक मुले जीभ लागताच थुंकतात आणि त्यामुळेच असे प्रसंग थोडे घडतात. पण एक-दोन वर्षांची मुले चवीचा फार विचार न करता गिळतात. काही मुलांना माती, खडू, भिंतीचा चुना खायची सवय असते, त्यांचे तर विचारूच नका. अशा सवयीमागे बऱ्याचदा रक्तातले लोह कमी असते. तुमच्या मुलाला ती असेल तर वेगळे दाखवा.

मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नका

हे मुद्दाम वेगळ्या मथळ्याखाली लिहिते आहे, कारण आपल्याकडे ही सवय घराघरात आहे. मुलाने गोळ्या गिळल्या, फिनेल प्यायले, काहीबाही खाल्ले की कोणीतरी वडीलधारे माणूस मिठाचे पाणी पाजायला धावते. उलटी झाली नाही तर ते सगळे मीठ पोटातच राहते आणि मूळ वस्तूपेक्षा मिठाचेच विष होते. फिनेल किंवा रॉकेलसारखी वस्तू असेल तर उलटी होताना ती फुप्फुसात शिरण्याची भीती असते. काहीही गिळलेले असो, घरी उलटी काढायची नाही.

ओआरएसचेही तसेच आहे. जुलाबांत ओआरएस हे अमृत आहे, पण पाकिटावर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात कालवलेले. एक लिटरचे पाकीट "जरा कडक होऊ दे" म्हणून पेलाभर पाण्यात कालवले, तर बाळाला मीठच पाजल्यासारखे होते. मुलाने मिठाची कणीक खाल्ली असेल तेव्हा तर ओआरएस नको आणि मीठ घातलेले लिंबू सरबतही नको. साधे पाणीच द्या.

त्या रात्री

हॉस्पिटलमध्ये पोहोचले तेव्हा बाळ आईच्या खांद्यावर पडून किरकिरत होते. बॉक्स उघडून पाहिला. एक गोळा पूर्ण गायब आणि एक अर्धा कुरतडलेला. रक्त तपासले, सोडियम १५२ आले. झटके नव्हते, शुद्ध चांगली होती. थोडे थोडे पाणी तोंडाने आणि जपून सलाईन, असे रात्रभर चालले. दर काही तासांनी तपासणी होत होती. वाढलेले सोडियम किती वेगाने खाली आणायचे यालाही नियम आहेत. ते किती वेळापासून चढलेले आहे त्यावर हे ठरते, आणि चुकीचा वेग मेंदूला सूज आणू शकतो. म्हणून हा घरी करायचा उपचार नव्हे. सकाळी आकडा १४४ वर आला. बाळाने बिस्किट मागितले आणि मी बाहेर जाऊन बाकावर बसले.

तिथे त्याचे आजोबा बसले होते. रात्रभर घरी गेले नव्हते. मला म्हणाले, "डॉक्टर, चूक माझी आहे. मी समोरच बसलो होतो. तो बॉक्स उघडून खात होता, मी बघत होतो. मला वाटलं, पेढा आहे, खाऊ दे पोराला."

मी म्हटले, "आजोबा, पेढ्याच्या बॉक्समध्ये पेढा आहे असं समजणं ही चूक कशी होईल? ज्यात पेढा नाही तो बॉक्स मी दिला. चूक माझी."

ते काही बोलले नाहीत. पण हे वाक्य मी त्यांच्यापेक्षा स्वतःलाच ऐकवत होते. मी डॉक्टर आहे. मिठाचे गणित मला पाठ आहे. ते मी कणीक करताना केले नाही, कारण हातात खेळणे होते, औषध नव्हते. मुलीच्या मैत्रिणी पाच वर्षांच्या आहेत एवढाच विचार केला. त्यांच्या घरी धाकटी भावंडे आणि चष्मा शोधणारे आजी-आजोबा असतात, हे मनातच आले नाही.

घरातले मोठे माणूस हा मुलाचा सर्वांत मोठा पहारेकरी. मी खेळण्याला खाऊचा वेष चढवला आणि तो पहाराच उठवला.

मग कणीक द्यायचीच नाही का?

द्या की! मी तर आवर्जून सांगते. चिमटीत धरणे, दाबणे, लाटणे, ओढणे यातून बोटांचे बारीक स्नायू तयार होतात. पुढे शर्टाची बटणे लावायला आणि पेन्सिल धरायला हीच बोटे लागतात. ऑक्युपेशनल थेरपिस्ट मुलांच्या हातात कणीक देतात ती याचसाठी. आपल्याकडे हे नवीनही नाही. आई पोळ्या करताना हातात कणकेची गोळी द्यायची, पोळ्याला मातीचे बैल व्हायचे, दिवाळीत किल्ला व्हायचा.

विकतच्या प्लेडोचीही गंमत ऐका. अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात भिंतीच्या वॉलपेपरवरची कोळशाची काजळी पुसायला एक मऊ लगदा विकला जायचा. कोळशाच्या शेगड्या गेल्या आणि लगद्याचा खप बसला. तेव्हा एका बालवाडी शिक्षिकेने तो मुलांच्या हातात दिला, आणि १९५६ च्या सुमारास तोच रंगीत खेळणे म्हणून बाजारात आला. त्यातही गहू आणि मीठ असतेच. पण त्याची डबी पेढ्याची नसते.

कशी करावी

माझी आताची कृती अशी आहे:

- एक वाटी मैदा, पाव वाटी मीठ, एक वाटी पाणी, एक मोठा चमचा तेल, दोन छोटे चमचे लिंबाचा रस.
- सगळे एकत्र कालवून मंद आचेवर ढवळत राहा. गोळा कढईची कड सोडू लागला की उतरवा, कोमट झाल्यावर मळा.
- मीठ कमी असल्यामुळे ही कणीक फार दिवस टिकत नाही. फ्रिजमध्ये घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि आठवड्याने टाकून द्या. पावसाळ्यात त्याआधीही वास आला, चिकट झाली किंवा ठिपके दिसले तर लगेच टाका.

मीठ निम्मे केले म्हणून ही खायला चालते, असे समजू नका. यातही मीठ भरपूर आहे. फक्त धोका थोडा कमी होतो.

शिजवायची का? कारण कच्च्या पिठात जंतू असू शकतात. २०१६ मध्ये अमेरिकेत कच्च्या पिठातून ई-कोलाय जंतूंची लागण झाली, तेव्हा हॉटेलात खेळायला दिलेल्या कच्च्या गोळ्यांमुळे आजारी पडलेली मुलेही त्यात होती. पोळ्यांच्या वेळी दिलेली गोळीसुद्धा तोंडात जाऊ देऊ नका आणि खेळून झाल्यावर हात साबणाने धुवा.

रंगासाठी खाण्याचा रंग किंवा बीट, हळद चालेल. रांगोळीचे, होळीचे रंग, कुंकू, शेंदूर नको. शेंदरात शिसे असते आणि ते मुलांच्या मेंदूला घातक आहे. टिकावी म्हणून टाकणखार किंवा कॅरमची बोरिक पावडर घालायच्या कृतीही फिरत असतात. त्या अजिबात करू नका, बोरिक पोटात गेले तर विषारी असते. चमकी, मणी, प्लास्टिकचे डोळे नकोत, ते घशात अडकतात. आणि वेलची, व्हॅनिला, गुलाबपाणी काहीही नको. ज्याचा वास खाऊसारखा, ते मूल खाणारच.

भेट म्हणून कशी बांधावी

१. मिठाईचा बॉक्स, केकचा कागद, चॉकलेटची बरणी, पेढ्याच्या वाट्या यातले काहीही वापरू नका. गोळे लाडू-पेढ्यासारखे वळू नका. रुंद तोंडाच्या डबीत सपाट थापून भरा. रंग भडक निळा किंवा जांभळा द्या, म्हणजे पाहताक्षणी मिठाई वाटणार नाही.

२. डबी मोठी असू द्या. झाकणही असे हवे की तीन वर्षांखालच्या मुलाच्या तोंडात जाणार नाही. अंदाज घ्यायचा तर टिश्यू पेपरच्या रिकाम्या नळीतून जी वस्तू आत जाते, ती लहान मुलासाठी धोक्याची समजा.

३. चिठ्ठी झाकणावर लावू नका, डबीच्या अंगावर चिकटवा. झाकणांची अदलाबदल होते. मोठ्या अक्षरात, आजी-आजोबांना वाचता येईल अशा भाषेत लिहा: "खेळण्याची कणीक. खायची नाही. यात खूप मीठ आहे." खाली घटक, केल्याची तारीख, टाकून द्यायची तारीख, "तीन वर्षांवरील मुलांसाठी" आणि तुमचा फोन नंबर.

४. घटकांत 'गहू' हा शब्द हवाच. काही मुलांना गव्हाची ॲलर्जी असते, काहींना सीलिॲक आजार. ग्लुटेन कातडीतून आत जात नाही, पण मुलाचे हात दिवसातून किती वेळा तोंडात जातात ते तुम्ही जाणताच. अशा मुलासाठी तांदळाच्या पिठाची कणीक वेगळ्या स्वच्छ भांड्यात करा, किंवा दुसरीच भेट द्या.

५. लांब रिबीन नको, ती गळ्याभोवती गुंडाळली जाऊ शकते. फुगा, पातळ प्लास्टिकची पिशवी नको. लुकलुकणारे दिवे तर नकोच नको. त्यातली बटणासारखी बॅटरी गिळली गेली तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते.

६. डबी मुलाच्या पिशवीत न घालता आई-बाबांच्या हातात द्या आणि तोंडाने सांगा. ज्या घरात रांगते किंवा नुकते चालू लागलेले बाळ आहे, तिथे जाड रंगीत खडू द्या.

आणखी काही गोष्टी. इसब असलेल्या किंवा हाताला जखम झालेल्या मुलाला मीठ झोंबते, त्याला आग्रह करू नका. सर्दी-तापात एकाच गोळ्याने सगळ्यांनी खेळू नये, प्रत्येकाला आपापला द्या. आणि घरात कुत्रा असेल तर डबी वर ठेवा. त्यालाही ही कणीक तितकीच घातक आहे.

मुलाने खाल्लीच तर

- हरभऱ्याएवढा तुकडा किंवा नुसते चाटले असेल तर तोंड पुसा, पाणी द्या आणि लक्ष ठेवा. सहसा काही होत नाही.
- त्याहून जास्त खाल्ले असेल, किंवा किती खाल्ले ते सांगता येत नसेल, तर लगेच डॉक्टरांना फोन करा.
- पेढ्याएवढा गोळा पोटात गेला असेल, किंवा उलट्या, खूप तहान, किरकिर, सुस्ती, झटका यातले काहीही दिसले, तर वाट न पाहता हॉस्पिटल गाठा. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा.
- मूल शुद्धीत असेल आणि नीट गिळत असेल तर वाटेत साधे पाणी घोट घोट द्या. सुस्त असेल तर तोंडाने काही देऊ नका.
- उरलेली कणीक आणि डबी बरोबर न्या. कधी आणि साधारण किती खाल्ले ते सांगा.
- दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा टोल फ्री क्रमांक आजच फोनमध्ये साठवून ठेवा.

पुढच्या वर्षी मुलीने पुन्हा कणकेचाच हट्ट धरला. मला नको होते, पण तिची चूक काय होती? निळ्या कणकेच्या डब्या भरल्या, चिठ्ठ्या तिनेच चिकटवल्या. त्या घरची डबी द्यायला मी स्वतः गेले. आजोबांनी ती हातात घेतली, चष्मा लावला आणि सगळी चिठ्ठी मोठ्याने वाचली. मग उठून डबी टीव्हीवरच्या फळीवर ठेवली आणि नातवाला म्हणाले, "हे ताईचं. तू माझ्याजवळ बस, आपण दोघं मिळून खेळू."

तो नातू आता शाळेत जातो आणि अक्षर सुरेख काढतो.

तुम्ही कणीक कराल तेव्हा मीठ एकदा काट्यावर ठेवून बघा. तो आकडा पाहिलात की बाकीचे सगळे आपोआप लक्षात राहील.

*(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. आपल्या मुलाच्या बाबतीत शंका असल्यास आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.)*